मुलुंडच्या गच्चीवरून, तिकडच्या वावराबद्दल

मुंबईत आले की "वजन वाढलंय गं तुझं" याच्यानंतरचा ठरलेला प्रश्न म्हणजे "नोकरी, मुलं, घर सगळं करून तू शेती कधी करतेस?" शेती वगैरे काही नाही हो, इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ कौन्सिलकडून, म्हणजे तिकडच्या नगरपालिकेकडून, भाड्याने घेतलेला अर्धा अलॉटमेंट प्लॉट, भाजीपाला लावायचा जमिनीचा तुकडा आहे. पूर्ण प्लॉट परंपरेने २५० चौरस मीटरचा धरतात, आमचा त्याच्या निम्मा. मुलुंडच्या मामाने लगेच मोबाइलवर हिशोब केला, साडेतेराशे स्क्वेअर फूट, मग त्याला इथल्या रेटने गुणलं आणि म्हणाला, "अगं एवढ्यात टू बीएचके बसतो, तू तिथे लसूण लावतेस?" लावते! तिकडे १९०८ चा कायदाच आहे, लोकांकडून मागणी असेल तर स्थानिक कौन्सिलने भाजीपाल्यासाठी जागा द्यायची, आणि भाडंही वर्षाला एकदा भरायचं असतं, महिन्याला नाही. फक्त वेटिंग लिस्ट लांबलचक असते, आणि मिळालेला प्लॉट पडीक दिसला की समज देणारं पत्र येतं, तरी नाही सुधारलात तर प्लॉट जातो. म्हणजे वेळ नाही ही सबब तिथे चालत नाही.

मी हॉस्पिटलात शिफ्टमध्ये काम करते, नवऱ्याचा अर्धा आठवडा प्रवासात. तरी भाजी निघते, कारण काय लावायचं ते आम्ही फार रोखठोकपणे ठरवतो. जी भाजी आपल्यासाठी थांबते ती लावायची, जिच्यासाठी आपल्याला धावत जावं लागतं ती सरळ दुकानातून आणायची. लसूण घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाकळ्या खुपसायच्या, त्याला थंडी हवीच असते, हिवाळाभर आपण मुंबईत हुंदडलो तरी त्याचं काही अडत नाही, जुलैत काढायचा, बांधून टांगायचा. बटाटे मार्चच्या शेवटी लावले, वर आले की एकदोनदा माती चढवली की झालं, आणि काढायला आठवडाभर उशीर झाला तरी ते जमिनीत निवांत असतात. र्‍हुबार्ब नावाची आंबट देठांची भाजी एकदा लावली की वर्षानुवर्षं येते, तिचा मी मुरंबा करते आणि सासूबाईंना तो कैरीचाच वाटतो. चार्ड आपल्या पालकासारखा, बाहेरची पानं तोडत राहायचं, मधून नवी येतात. आणि ब्रॉड बीन्स! नोव्हेंबरात पेरले तर रोपं थंडीत तग धरतात, जूनमध्ये शेंगा, त्या सोलून आतल्या दाण्यांचं सालही काढायचं आणि बिरडं करायचं. कडव्या वालाची सर नाही, पण नारळ-कोथिंबीर घातल्यावर पानात काही उरत नाही. एवढंच की फुलं येऊन खाली शेंगा धरायला लागल्या की शेंडे खुडायचे, नाहीतर काळा मावा, ती बारीक कीड, तिथेच येऊन बसते.

रनर बीन्स मात्र आम्ही लावत नाही. दोन-तीन दिवसांनी शेंगा तोडाव्या लागतात, राहिल्या तर निबर होतात आणि वेल नव्या शेंगा धरायचं सोडून देतो. झुकिनीची दोनच रोपं, त्याहून जास्त लावणाऱ्या माणसाला शेजारी टाळायला लागतात. ऑगस्टमध्ये चार दिवस फिरकलं नाही की तिचा दुधी झालेला असतो, मग किसून थालीपीठ. टोमॅटो प्लॉटवर नाहीच, ओल्या उन्हाळ्यात करपा रोग आला की आठवड्यात सगळं काळं, म्हणून घराच्या दारात कुंडीत दोन, छपराच्या आडोशाला. भेंडीचा मोह सगळ्याच आपल्या लोकांना होतो, पण त्या थंडीत उघड्यावर ती काही खरी नाही. मेथी आणि कोथिंबीर किचनमधल्याच दाण्यांची, धणे जरा रगडून. मेथी महिनाभरात कापायला येते, कोथिंबीर मात्र जूनच्या लांब दिवसांत पटकन फुलावर जाते म्हणून ती एप्रिलमध्ये नाहीतर ऑगस्टमध्ये. गोगलगायी तुमच्या आधी खातात हे गृहीत धरूनच दाट पेरायची.

आता तण. खरा वेळ खातं ते हेच, पाणी नाही. आम्ही खणत नाही. सॉमरसेटचे चार्ल्स डाउडिंग म्हणून एक माळी आहेत, न खणता भाजी करायची पद्धत त्यांनी तिकडे घरोघरी पोचवली. गवतावर पुठ्ठ्याची खोकी उलगडून पसरायची (चिकटपट्ट्या आधी काढा), वर चारेक इंच कंपोस्ट आणि त्यातच रोपं. खणलं की खाली झोपलेलं तणाचं बी उजेडात येतं, म्हणून ते खालीच झोपू द्यायचं. आणि ज्या भागात यंदा काही लावायला वेळ नाही त्यावर जाड काळी ताडपत्री, कडेने विटा. उजेड नाही म्हणजे गवत नाही, आणि इन्स्पेक्शनला आलेल्या माणसालाही दिसतं की जागा सोडून दिलेली नाही. बाइंडवीड नावाची रानवेल म्हणजे स्वभावाने आपल्या हरळीची सख्खी बहीण, मुळाचा तुकडा राहिला की नवं रोप, त्यामुळे ती संपणार नाही हे मान्य करून टाकलंय. बाकीचं तण दोऱ्याएवढं असताना कोरड्या, उन्हाच्या दिवशी खुरपी फिरवायची, तिथेच वाळून जातं. दहा मिनिटांचं काम. तेच दोन आठवड्यांनी केलं तर अख्खा रविवार.

ती दहा मिनिटं मिळतात कारण प्लॉट घरी जायच्या वाटेवर आहे. पाच मैलांवरचा मोठा प्लॉट मिळत होता, तो नको म्हटलं. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, ड्यूटीवरून येताना बूट बदलायचे, थोडं तण, थोडी तोडणी, घरी. मुंबईच्या बायकांना हे काय सांगायचं, लोकलमध्ये मटार सोलत, मेथी निवडत घरी पोचणाऱ्या बायका आपण.

पाण्याबद्दल इथे सगळ्यांचा गैरसमज आहे की इंग्लंडात सारखा पाऊस, पाणी कशाला घालायचं. लंडनला वर्षभराचा मिळून पाऊस साधारण ६०० मिलिमीटर, आणि २६ जुलै २००५ ला आपल्या सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ पडला होता! तिकडचा पाऊस नुसता भुरभुरतो, माती वरून ओली आणि खाली कोरडी. त्यामुळे नवी रोपं सोडली तर बाकीच्यांना रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा मुळापर्यंत पोचेल असं भरपूर.

मामीला यातलं तिच्या गच्चीसाठी काय उपयोगी यावर आमचा वाद झाला. तिचे निळे ड्रम आणि रंगाच्या बादल्या आहेत, बँकेतून यायला तिला साडेसात होतात, आणि सोसायटीत कोणाच्या तरी छताला ओल आली की संशय आधी हिच्या कुंड्यांवर. पुठ्ठा इथे नको, पावसात लगदा होईल आणि झुरळं येतील असं ती म्हणते, बरोबर आहे. पण आच्छादन हवंच, आणि त्यासाठी रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडं फुकट मिळतात, धुऊन वाळवून घातली तर मुंग्याही लागत नाहीत. मे महिन्यात उघड्या मातीची कुंडी दुपारपर्यंत भट्टी होते. थांबणाऱ्या भाज्या तर इथे माझ्यापेक्षा तिला जास्त लावता येतील, मायाळू ग्रिलवर चढवला की खुडत राहा, आळू, अंबाडी, गवती चहा, मोठ्या ड्रमात शेवगा आणि तो दरवर्षी छाटायचा. ही मात्र फ्लॉवर लावून बसलीये आणि रोज अळ्या वेचते. मी म्हटलं, मामी, फ्लॉवर खाली भाजीवाल्याकडे आहे. तिने ऐकलं नाही, फोटोला छान दिसतो म्हणे.

आणि जाताना वालाचं, मायाळूचं बी पुडीत बांधून देणाऱ्या सगळ्या काकू-मावश्यांनो, देऊ नका. पेरायचं बी तिकडे न्यायचं तर इथून वनस्पती आरोग्याचं सर्टिफिकेट लागतं, ते नसेल तर विमानतळावर जप्त. मेतकूट द्या, त्याला कोणी अडवत नाही.