राइन्सबर्गचा कटकट्या विद्यार्थी

नेदरलँड्सच्या क्यूकेनहॉफ बागेत फुलांपेक्षा सेल्फी-स्टिकाच जास्त दिसल्या, त्यामुळे ट्युलिपबद्दल माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. अॅमस्टरडॅमचे कालवे छान आहेत, महाग आहेत, पुढे.

लायडेनला राहणाऱ्या मामेभावाला राइन्सबर्गला चल म्हटलं, तर म्हणाला, "ताई, तिथे एक जुनं घर आहे फक्त!" तरी आला बिचारा.

घर विटांचं, बुटकं. 1656 मध्ये अॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने वाळीत टाकलेला तत्त्वज्ञ स्पिनोझा 1661 ते 1663 इथे भाड्याने राहत होता. एका खोलीत भिंगं घासायचं यंत्र, दुसरीत कपाटभर जुनी पुस्तकं. ही त्याच्या हातची नव्हेत. तो वारल्यावर नोटरीने सामानाची यादी केली होती. ती धरून कुणीतरी चिकाटीने त्याच ग्रंथांच्या जुन्या प्रती जमवल्या. असली माणसं मला फार आवडतात.

पण माझं लक्ष होतं त्याच्या विद्यार्थ्याकडे. कासेआरिउस नावाचा हा पोरगा इथेच, गुरूच्या छपराखाली राहायचा. अॅमस्टरडॅमच्या एका मित्राला त्याचा हेवा वाटला, तर स्पिनोझाने उलट कळवलं की याच्याइतका ताप मला कुणाचा नाही, अजून पोरकट आहे, माझी मतं इतक्यात त्याच्या कानावर घालू नका. बुद्धी मात्र आहे, म्हणून जीव लावतो. मी शिकवण्या घेते. हे पत्र वाचून इतकं गार वाटलं म्हणून सांगू! स्पिनोझा त्याला आपलं तत्त्वज्ञान न शिकवता फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त शिकवत बसला, आणि त्याच शिकवणीतून 1663 चं पुस्तक निघालं. हयातीत स्वतःच्या नावाने छापलेलं त्याचं तेवढं एकच.

तोच पोरगा पुढे पाद्री होऊन कोचीला गेला. तिथे डच अधिकारी व्हान रेडे मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' करवून घेत होता. सुरुवातीच्या भागांचं लॅटिन याने लिहिलं. गुरुशिष्य दोघेही 1677 मध्येच वारले. ग्रंथाचा पहिला खंड 1678 मध्ये अॅमस्टरडॅमला निघाला. त्यात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट या कोकणी वैद्यांची साक्ष आहे, चक्क नागरी अक्षरांत!

बसस्टॉपवर ते पान फोनवर काढून दाखवलं. मामेभाऊ स्क्रीन मोठी करकरून अक्षरं लावत बसला आणि आमची बस गेली.