टर्बो घेऊ का, दादा?

सकाळी तर्री-पोहे खाताना कोलोरॅडोहून धाकट्याचा कॉल. "दादा, टर्बो स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, सवलतीत मिळून राहिली, घेऊ का?" बाहेर एप्रिलचं ऊन, अन् आम्ही तासभर बर्फावर बोललो.

आपलं नागपूर ३१० मीटरवर, तो फिरतो ३,००० मीटरवर. तिथे हवा विरळ. साध्या इंजिनाची ताकद जवळपास ३० टक्के घटते. टर्बो हवा दाबून आत ढकलतो, म्हणून डोंगरात तो पाहिजेच. (सपाट रानात फिरवायची असती तर मी नाहीच म्हटलं असतं.) पण वॉरंटी किती उरली, हे यानं विचारलंच नव्हतं. आणि हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायला लागणारा बीकन (सिग्नल देणारं-पकडणारं छोटं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून पाहायची लांब काठी)? काहीच नाही! आधी ते घे, प्रशिक्षण घे, मग गाडी, म्हटलं. दिवसभर जीव त्याच्यातच होता.

रात्री मेसेज आला: बीकन मागवला.