शर्यत नव्हतीच, तरी गेलो

"म्हंजे पहिला कोण आला ते कळणारच न्हाई?"

मामांनी हा प्रश्न मला तीनदा विचारला. एकदा कोल्हापुरात, तिकिटं काढायच्या आधी. एकदा मुंबईच्या विमानतळावर, तपासणीसाठी पट्टा काढता काढता. आणि तिसऱ्यांदा थेट मलेशियातल्या सेपांग सर्किटच्या मुख्य स्टँडमध्ये, खुर्चीवर रुमाल अंथरून बसल्यावर. तिन्ही वेळा मी तेच सांगितलं की ही शर्यत नाही, चाचणी आहे. मोटोजीपीचा, म्हणजे मोटरसायकलींच्या जागतिक शर्यतींचा, २०२५चा हंगाम २८ फेब्रुवारीला थायलंडमध्ये बुरीरामला सुरू होणार होता. त्याआधी सगळ्या टीम नव्या गाड्या घेऊन मलेशियात येतात, तीन दिवस फिरवतात, खोलतात, जोडतात, परत फिरवतात. गुण नाहीत, ढाल नाही, शॅम्पेनचे फवारे नाहीत.

"मग आपण काय बघायचं?"

"गाड्या."

मामींनी तेवढ्यात पिशवीतून भडंग काढला, म्हणून विषय थांबला.

खरं सांगायचं तर मलाही शर्यतच बघायची होती. २०२३च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी झाली, तिला मी गेलो होतो. बेझेक्की जिंकला. दुसरा आलेला मार्टिन उन्हानं इतका गळून गेला की शर्यतीनंतर त्याला उभं राहवेना. मी नुसता बसून होतो, तरी घरी आल्यावर दोन दिवस ओआरएस पीत होतो. पुढच्या वर्षी परत जायचं ठरवलं होतं. पुढच्या वर्षी शर्यत आलीच नाही, आणि २०२५च्या बावीस शर्यतींतही भारताचं नाव नव्हतं. मलेशियाची शर्यत येते ऐन दिवाळीच्या आसपास, तेव्हा घरातून कोण सोडतंय! मग फेब्रुवारीतली चाचणी दिसली. व्हिसाची कटकट नव्हती, हॉटेलं बरी मिळत होती. मामा-मामींच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, त्यांना कुठंतरी परदेशी न्यायचं घरात चाललंच होतं. दोन कामं एका तिकिटात उरकावीत हा माझा हिशेब. मामींना तो पहिल्या दिवशीच कळला असावा, पण त्या बोलल्या नाहीत.

मामांचं उद्यमनगरात गॅरेज होतं. कोल्हापुरातल्या अर्ध्या यामाहा आरएक्स हंड्रेडचे इंजिन ब्लॉक आपल्या हाताखालून गेलेत असं ते म्हणतात, आणि ती अतिशयोक्ती किती हे मी कधी तपासलं नाही. डावा कान जवळजवळ गेलाय. मामींचं म्हणणं, माणसांपुरताच गेलाय.

सेपांगचं सर्किट विमानतळाच्या अगदी जवळ आहे आणि राहण्याजोगं बाकी सगळं तिथून लांब. आम्ही क्वालालंपूरमध्ये राहिलो होतो. ५ फेब्रुवारीला सकाळी दहाच्या ठोक्याला पिट लेन, म्हणजे गाड्या ट्रॅकवर सुटायची वाट, उघडली. हवेत असा दमटपणा की चष्मा पुसून पुसून रुमाल ओला. सर्किट साडेपाच किलोमीटरचं, त्यातला आपल्या डोळ्यांपुढं येतो तो एक तुकडा. गाडी दिसते काही सेकंद आणि मग जवळजवळ दोन मिनिटं वाट बघायची. तीही बाहेर आली तर. बहुतेक वेळ गाड्या बॉक्समध्येच, म्हणजे टीमच्या गॅरेजातच, असतात.

मी मार्टिनसाठी आलो होतो. २०२४चा विश्वविजेता, डुकाटी सोडून एप्रिलियाकडे गेलेला. सर्वोच्च गटात एप्रिलियाच्या गाडीवर विजेत्याचा १ हा आकडा याआधी कधीच नव्हता. तो आकडा डोळ्यांनी बघायचा म्हणून मी तीन रजा टाकल्या होत्या. बघितला. आणि सकाळ संपायच्या आत मार्टिन पडला. आम्हाला पडताना दिसलं नाही. आधी पुढच्या रांगेतली पोरं फोनवर वाकली, मग स्टँडभर एक हुंकार गेला. मागचं चाक सटकून परत पकड घेतं आणि स्वाराला वर भिरकावून देतं, त्या जातीचं पडणं. उजवा हात मोडला, डावा पायही. तो गेला इस्पितळात. सेपांगला कुणी पडलं की माणसं जरा जास्तच गप्प होतात असं मला वाटलं. २०११ साली सिमोनचेली हा स्वार इथंच शर्यतीत जिवानिशी गेला.

माझा चेहरा पडलेला. इतके पैसे खर्चून, इतक्या लांब येऊन, ज्याला बघायचं तोच गेला. मी मामांना म्हटलं, चला, दुपारनंतर जुळे मनोरे बघू, मॉलमध्ये एसीत बसू.

मामा उठले नाहीत. त्यांनी शेजाऱ्यांकडून मागून आणलेली दुर्बीण गळ्यातून काढली, डोळ्याला लावली आणि समोरच्या बॉक्सकडे रोखली.

"आयला, टायरला वाकळ घातलीय बघ."

मी बघितलं. चाकांना काळी जाड आवरणं गुंडाळलेली. टायर आधीच तापवून ठेवायचे, म्हणजे बाहेर पडल्या पडल्या पकड मिळते, असं मी समजावलं. मामांना ते पटलं, तरी ते मामींकडे वळून म्हणाले, "हितं आपल्याला घामाच्या धारा, आणि त्येंला वाकळ."

त्यानंतरचे तीन-साडेतीन तास हे माझ्या मते या सहलीतले सगळ्यात रटाळ तास होते आणि मामांच्या मते सगळ्यात भारी. भर दुपारी ट्रॅक तापतो, गाड्या बाहेर फारशा येत नाहीत. मी घड्याळ बघत होतो. मामा बॉक्स बघत होते. कोण मेकॅनिक पाना न बघता हात मागे करून मागतो, कुणाच्या हाताला तो नेमका मिळतो, फेअरिंग, म्हणजे गाडीचं बाहेरचं कवच, किती जण मिळून उचलतात. "त्यो पिवळे मोजे घातलेला उस्ताद हाय," त्यांनी जाहीर केलं. "बाकीचे त्येच्याकडं बघून हालत्यात."

एका बॉक्सपुढं मध्येच पडदे आले. आतली गाडी दिसेना. नवा भाग बसवत असले की दुसऱ्या टीमच्या फोटोग्राफरांपासून असं झाकतात. मामा चिडले. "गॅरेजला कसला आलाय पडदा? आमी कधी शटर पाडलं न्हाई."

चारच्या सुमारास गाड्या परत सुटल्या तेव्हा मामांनी दुर्बीण खाली ठेवली आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोपले. कान झाकायचे स्पंजचे बोंडे मी तिघांसाठी आणले होते, मामांनी ते खिशात घातले होते, कानात नव्हे. चांगला असलेला उजवा कान ट्रॅककडे करून ते बसले. पाच-सहा गाड्या गेल्यावर म्हणाले,

"ह्यांचा आवाज तुटंना रं."

"म्हणजे?"

"गिअर टाकताना. आपल्या गाडीला बघ, गिअर टाकला की मधी एक खड्डा पडतोय. क्लच, गिअर, परत रेस. हितं आवाज नुसता खाली उतरतोय, मधी तुटत न्हाई. गिअर कधी पडला कळंना."

मी हे आयुष्यात शंभर वेळा वाचलं होतं. सीमलेस गिअरबॉक्स, पुढचा गिअर पकडतो तेव्हा आधीचा सुटायच्या बेतात असतो, चाकाला मिळणारा जोर खंडत नाही. वाचलं होतं, ऑफिसात चार लोकांना ऐकवलंही होतं. ऐकलं मात्र त्या दुपारी पहिल्यांदा. मीही डोळे मिटले. शेवटच्या वळणातून निघताना एक खोल गुरगुर, मग ती चढते, टोकाला जाते, आणि जिन्याची एक पायरी उतरावी तशी अलगद खाली बसते, परत चढते. चार वेळा. मग लांब कुठंतरी ब्रेक.

डोळे उघडल्यावर मामांनी मला पुढचं दाखवलं. वळणातून बाहेर पडताना गाडीची मागची बाजू खाली बसते, म्हैस बसताना बसावी तशी. त्यासाठी एक वेगळी यंत्रणा असते, गाडी खाली बसली की पुढचं चाक उचलत नाही आणि जास्त जोरात पळवता येते. २०२७ पासून तिच्यावर बंदी आहे, त्याच वर्षी इंजिनही हजारवरून साडेआठशे सीसीवर येणार. मामा म्हणाले, "मग आताच बघून घेऊया."

केशरी केटीएम गेली की मी मात्र जरा सावरून बसायचो. मी नोकरी करतो चाकणला, तिथं बजाजच्या कारखान्यात केटीएमच्या रस्त्यावरच्या गाड्या बनतात. ऑस्ट्रियातली मूळ कंपनी २०२४च्या नोव्हेंबरात दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तेव्हापासून आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता. केटीएमचा स्वार अकोस्टा समोरून गेला. मामा म्हणाले, "कर्जात हाय म्हणं कंपनी. गाडीला कुणी सांगितलेलं दिसत न्हाई."

शेजारी एक मलेशियन कुटुंब होतं, तीन पोरं, सगळ्यांच्या अंगावर मार्क मार्केझचा ९३. मार्क त्या वर्षी पहिल्यांदाच लाल डुकाटीवर, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या टीममध्ये, तेही तिथला आधीचा स्वार बान्याया याच्या शेजारच्या बॉक्समध्ये. यावरून अख्खं जग भांडत होतं. त्या बाईंनी मामींना केळीच्या पानातली नासी लेमाकची पुडी दिली. मामींनी उघडून वास घेतला आणि एकदम खुलल्या. "अगं बाई, हे तर सुकट!" मग दोघी कुठल्याही सामाईक भाषेविना वीस मिनिटं बोलत होत्या. बदल्यात भडंग गेला. त्या पोरांना इतका तिखट लागला की त्यांचं पुढच्या चार फेऱ्यांकडे लक्ष नव्हतं.

संध्याकाळी फलकावर दिवसभरातल्या वेळा लागल्या. सगळ्यात वर क्वार्टारारो. यामाहा. मामा उभे राहिले.

"कळलं का न्हाई पहिला कोण आला ते? यामाहा!"

मी सांगायला गेलो की चाचणीतल्या वेळेला तसा अर्थ नसतो, कुणाचं टायर नवं, कुणाचं इंधन कमी, कुणी मुद्दाम जोर लावत नाही. मामी म्हणाल्या, असू दे रे. असू दिलं.

दुसरा दिवस मामींचा होता. बाटू केव्ह्ज, म्हणजे गुहांमधली देवळं, २७२ पायऱ्या, थैपुसमचा सण तोंडावर आल्यामुळे गर्दी, मामांचे गुडघे. संपलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर पोहोचलो, कारण ट्रॅक जरा गार असतो तेव्हाच सगळे नवं टायर लावून एकेक जीव तोडून फेरी मारतात. हे मात्र ऐकून कळतं, तेच लोक, त्याच गाड्या, पण आवाजात घाई. अ‍ॅलेक्स मार्केझ, मार्कचा भाऊ, एक मिनिट ५६.४९३ सेकंद. बान्याया त्याच्या मागे सात सहस्रांश. यामाहा तिसरी. मामांनी ही तिसरी जागा निमूट मान्य केली, चाचणीतल्या वेळेला तसा अर्थ नसतो असं मलाच ऐकवलं.

परतीच्या टॅक्सीबद्दल मला एकच सांगायचंय, फोनवरची टॅक्सी 'पोहोचतेच आहे' असं चाळीस मिनिटं म्हणत होती. नकाशावरची ती गाडी जागची हलत नव्हती. सावली नाही, पाणी संपलेलं. परत गेलो तर मी भाड्याची गाडी घेईन, असं मी तेव्हा म्हटलं. घेणार नाही, तिथले हमरस्ते बघून माझी छाती होत नाही.

त्या चाळीस मिनिटांत कधीतरी मामा म्हणाले, "मी पाडलं हुतं."

"काय?"

"शटर. आरएक्सचा ब्लॉक घासत हुतो, रेसच्या आदल्या राती. पोर्ट वाढवला, गाडी जास्त पळावी म्हणून. सगळ्यांस्नी सांगितलं, गाडी हाय तशी हाय, काय हात लावला न्हाई. पस्तीस वर्सं झाली, कुणाला बोललो न्हाई."

मामी टॅक्सीच्या दिशेनंच बघत होत्या.

"बॅटरी कोण धरून बसलंवतं रात्रभर?" त्या म्हणाल्या. "आणि घासलेला भुस्सा सकाळी झाडला कुणी?"