डक्टविरहित हीट पंपाची चाचणी: उष्णतेच्या मोजमापापर्यंत आलेले काम

डक्टविरहित हीट पंप म्हणजे स्प्लिट एसीसारखे, बाहेरच्या हवेतील उष्णता उचलून खोलीत सोडणारे (आणि उलट चालवल्यास खोली थंड करणारे) यंत्र. वापरलेल्या विजेच्या मानाने तो किती उष्णता देतो हे मी तपासत आहे. या चाचणीत विजेचे मोजमाप तुलनेने सोपे आहे. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर (गरजेप्रमाणे वेग बदलणारा) असल्यामुळे क्लॅम्प मीटरवरील अँपिअरला व्होल्टने गुणून भागत नाही. पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातील प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या शक्तीचे प्रमाण) धरून खरे वॅट दाखवणारा मापक पुरवठ्यावर बसवावा लागतो. पंपाने खोलीत प्रत्यक्ष किती उष्णता सोडली हे ठरवणे मात्र फार अवघड आहे, आणि सध्या माझे सारे लक्ष तिथेच आहे.

इनडोअर युनिटच्या मुखाशी हवेचा वेग कडेला आणि मध्यभागी सारखा नसतो. म्हणून मुखाचे समान चौकोन कल्पून प्रत्येक चौकोनात वेग आणि तापमान दोन्ही नोंदवतो. समजा, ताशी ५०० घनमीटर हवा २० अंश सेल्सियसने आत जाऊन ४० अंशांनी बाहेर पडते आणि वीज ९०० वॅट लागते. हवेची घनता सवयीप्रमाणे घनमीटरला १.२ किलो धरली, तर उष्णता सुमारे ३.३५ किलोवॅट आणि सीओपी (दिलेली उष्णता भागिले लागलेली वीज) ३.७ येतो. परंतु वेग मुखाशी मोजला असल्याने तेथील ४० अंशांच्या हवेची घनता, म्हणजे सुमारे १.१३, घेणे योग्य. मग सीओपी ३.५ वर उतरतो. निव्वळ घनतेमुळे पडणारा हा फरक मला दुर्लक्ष करण्याजोगा वाटत नाही.

पडताळणीसाठी पंप बंद करून साधा विद्युत हीटर लावतो आणि खोली त्याच तापमानावर राखण्यास किती वॅट लागतात ते पाहतो. हीटरची सर्व वीज उष्णतेत बदलत असल्याने हवेचा वेग मोजावाच लागत नाही. मात्र बाहेरचे तापमान आणि वारा दोन्ही वेळी जवळपास सारखे हवेत, ऊन नको, आणि भिंती आधी काही तास स्थिरावलेल्या हव्यात.

बाहेर दमट थंडी असेल तर आउटडोअर कॉइलवर बर्फ साचतो आणि डिफ्रॉस्टच्या, म्हणजे तो बर्फ वितळवण्याच्या, वेळी पंप खोलीतीलच उष्णता उलट नेतो. दोन डिफ्रॉस्टांमधला तेवढाच काळ मोजला तर आकडा फसवा चांगला दिसतो. नोंद पूर्ण आवर्तनाचीच हवी. निर्मात्यांचे आकडे बहुधा बाहेरील ७ अंशांचे असतात, त्यामुळे २ अंशांच्या आसपासची चाचणी मी वेगळी ठेवली आहे.

थंडाव्याच्या चाचणीत हवेतील बाष्प थंड होऊन जमणारे निचऱ्याचे पाणीही वजन करून हिशेबात धरणार आहे, कारण ताशी एक लिटर पाणी म्हणजे सुमारे ६८० वॅटचे काम, आणि तापमापीला ते दिसत नाही.