वाकडी बोय दिसली, तर सरळ बोयीही मोजा

बाजारात पाटीत एखादी कुबड आलेली बोय (खाडीत मिळणारा मासा) दिसते, कुणीतरी फोटो काढतं आणि दुपारपर्यंत ‘खाडीच्या पाण्याने बघा काय केलं’ म्हणून तो सगळीकडे फिरतो. मुंबईच्या मिठी नदीचं पाणी पाहिलेल्या माणसाची ही चीड रास्तच आहे. पण त्या पाटीत सरळ बोयी किती होत्या, हे कुणी मोजलेलं नसतं, आणि त्या आकड्याशिवाय फोटो काहीच सांगत नाही. ३०० मासे पाहून एकही वाकडा निघाला नाही, तरी खरं प्रमाण १ टक्क्यापर्यंत असू शकतं. १०० पाहिले असतील तर ३ टक्क्यांपर्यंत. मोजणी जाळं रिकामं होताना करावी. बाजारात येईपर्यंत वाकडे मासे बाजूला टाकलेले असतात.

आधी मासा खरंच वाकडा आहे का ते बघा. बर्फाच्या पेटीत वाकून ताठरलेला मासा कुबड आल्यासारखाच दिसतो. तो सैल पडू द्या आणि सपाट फळीवर बोटांनी दाबा; सरळ झाला तर विषय संपला. नाही झाला तर वाकलेल्या जागचे खवले बघा. जाळ्याने किंवा दुसऱ्या माशाच्या चाव्याने जखम झाली असेल, तर तिथले खवले वेडेवाकडे उगवलेले आणि बहुधा एकाच बाजूला असतात. पशुवैद्यकाकडे एक्स-रे निघू शकतो. बोयीला २४ मणके असतात. दोन-तीन मणके एकजीव होऊन ठोकळा झाला असेल, तर बिघाड बहुधा पिल्लू असतानाचा. मणका मोडून जुळलाय, पण बाहेर जखमेची खूण नाही, असं असेल तर मॅलॅथिऑनसारख्या कीटकनाशकाचा संशय घ्यावा लागतो: त्याने स्नायूंना इतके जोरात झटके येतात की कणाच मोडतो.

कॅडमियम हा विषारी धातू हाडांतल्या कॅल्शियमचा हिशेब बिघडवतो. काही विषं शरीरातून निचरा होताना ‘क’ जीवनसत्त्व संपवतात, आणि ते कमी पडलं की कोलॅजन (हाडांना बळकटी देणारं प्रथिन) नीट बनत नाही, कणा वाकतो. पण नुसत्या निकृष्ट खाद्यानेही हेच होतं, आणि अंडी उबताना पाणी जास्त तापलं किंवा प्राणवायू कमी पडला तरीही. म्हणून वाकडेपणावरून थेट कारखान्याकडे बोट दाखवता येत नाही.

शिवाय मासा सापडला तिथेच बिघडला, असंही नाही. बोय समुद्रात अंडी घालते, पिल्लं खाडीत येतात. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ या मालवाहू जहाजाची टक्कर होऊन तेल सांडलं, अशा तेलाचा मार अंड्यातल्या गर्भाच्या हृदयावर बसतो आणि त्यातून जबडा, कणा बिघडतो. बहुतेक अशी पिल्लं लगेच मरतात किंवा खाल्ली जातात, त्यामुळे मोठ्या माशांतलं प्रमाण नेहमीच कमी दिसतं.

माझ्या मते खाडीची साक्ष चिलापीकडून (तिलापिया माशाकडून) घ्यावी. मादी अंडी तोंडात उबवते, पिल्लं त्याच पाण्यात वाढतात. (तळ्यातल्या चिलापीत जवळच्या नात्यातल्या पैदाशीनेही व्यंग येतं, तेवढं ध्यानात ठेवा.) चिखलात बीळ करणारी निवटीही चांगली: पिल्लू असताना पाण्याबरोबर फिरते, पण एकदा स्थिरावली की फारशी हलत नाही.

नोंद करताना माशाची डावी बाजू वर ठेवून, खाली मोजपट्टी लावून फोटो घ्या. जात, लांबी, वजन, जागा, भरती की ओहोटी, जाळं कोणतं (फेकायचा पाग की प्रवाहात लावलेली डोल), त्या खेपेतले एकूण मासे, आणि व्यंग नेमकं कुठं: कणा, जबडा, कल्ल्याचं झाकण की पर. कल्ल्याचं झाकण आखूड असेल तर दोन्ही बाजू तपासा.

खाण्याचं विचाराल तर वाकडा मासा विषारीच आणि सरळ मासा स्वच्छच, असं समीकरण नाही. पारा मांसात मुरतो, धुऊन वा शिजवून जात नाही. कॅडमियम मात्र काळीज आणि मूत्रपिंडात जास्त साठतं, म्हणून साफ करताना पोटातलं सगळं काढून टाका. आणि मोजणीचं म्हणाल तर मिठीच्या आकड्याशी तुलनेसाठी त्याच जातीचे, त्याच आकाराचे ३०० मासे मुंबईतल्याच मनोरी खाडीतून, त्याच महिन्यात मोजा.