फोटो पाठवला म्हणजे फोटोच गेला असं नाही

झालं असं की मावशीने घरच्या ग्रुपवर एक जुना फोटो टाकला. आजोबा आणि त्यांचे कॉलेजातले मित्र, ब्लॅक अँड व्हाइट, दोन रांगा, आणि खाली पुठ्ठ्यावर बारीक अक्षरात सगळ्यांची नावं. आता आजोबा ओळखू येतात पण बाकीचे कोण हे बघायला मी झूम केलं तर नावांच्या जागी नुसत्या मुंग्या. अक्षरं आहेत एवढं कळतं, कुठलं अक्षर ते नाही. मावशीला म्हटलं नीट पाठव ना, तर ती म्हणे अगं मला आला तसाच टाकलाय, तुझाच फोन बघ.

फोन ठीक आहे गं मावशी. पण तिला समजावता समजावता मी पोस्टच लिहायला बसले.

पूर्वी एसएमएस होते तेव्हा काटछाट आपली आपणच करायचो. पहिला एसएमएस 3 डिसेंबर 1992 ला गेला, आणि त्याची मर्यादा ठरली 140 बाइटची, म्हणजे रोमन लिपीत 160 अक्षरं. देवनागरीत मात्र 70च, कारण दर अक्षराला 7 ऐवजी 16 बिट लागतात (8 बिटचा एक बाइट), आणि त्यातही काना मात्रा वेलांटी हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'विद्यार्थी' लिहून बघा, डोळ्याला अक्षरं तीन दिसतात, फोन मोजतो दहा. अख्खा मेसेज रोमनमध्ये टाइप करून मध्येच एखादं देवनागरी अक्षर टाकलं तरी सगळा मेसेज 70च्या हिशोबात जायचा. म्हणून तर आपण सगळे 'कसा आहेस' ते रोमनमध्ये वाटेल त्या स्पेलिंगने लिहायला शिकलो. त्रास होताच पण काय कापायचं ते आपल्या हातात होतं. फोटो आणि आवाजाचं तसं नाही, तिथे कात्री अ‍ॅपच्या हातात आणि ते विचारत पण नाही.

फोटोचा हिशोब बघा. साध्या 12 मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो म्हणजे 4000 गुणिले 3000, सव्वा कोटीच्या आसपास ठिपके. दर ठिपक्याला तीन बाइट धरले तर 36 एमबी. तो जेपेग (फोटो दाबून लहान करायची नेहमीची पद्धत) होऊन गॅलरीत बसतो तेव्हा तीन-चार एमबीचा असतो. मग आपण पाठवतो तेव्हा अ‍ॅप त्याची लांब बाजू समजा 1600 पिक्सेलवर आणतं, म्हणजे राहिले 19 लाख ठिपके, सहातले पाच गेले, आणि उरलेल्यावर परत जेपेग चालवतं. पोचतात काहीशे केबी. एवढं जाऊनही चेहरा छान दिसतो ही खरी कमाल आहे, आणि ती कमाल ज्या गणितामुळे होते ते नासिर अहमद यांनी 1972 मध्ये मांडलं आणि 1974 मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत पेपर म्हणून छापलं. चित्राचे 8 बाय 8 ठिपक्यांचे चौकोन करायचे, प्रत्येक चौकोनात संथ बदल किती आणि झटपट बदल किती ते वेगळं काढायचं, आणि झटपट बदल ढोबळ करून टाकायचे कारण माणसाच्या डोळ्याला ते फारसे जाणवत नाहीत. रंगाचे बारकावे तर त्याहून जास्त उडवतात, उजेड-अंधार तेवढा जपतात.

गाल, आकाश, भिंत, साडी, सगळं संथ बदलणारं, म्हणून निभावतं. पण पांढऱ्यावर काळं अक्षर म्हणजे काय? एका ठिपक्यात पांढरं, पुढच्यात काळं. झटपट बदलच तो! जेपेग पहिला घाव घालतो तो नेमका अक्षरांवर, म्हणून आजोबांची मिशी शाबूत आणि नावांभोवती मुंग्या.

इथे एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो (माझाही होता) की फॉरवर्ड करून करून फोटो झिजतो. नुसतं फॉरवर्ड केलं तर सहसा नाही झिजत. एंड टू एंड एन्क्रिप्शन (पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता येत नाही ते) असलेल्या अ‍ॅपमध्ये तुमचा फोन फोटोला कुलूप लावून ती पेटी सर्व्हरवर ठेवतो आणि मेसेजमधून फक्त किल्ली आणि पत्ता पाठवतो, फॉरवर्ड केलं की बहुधा तीच पेटी, फक्त किल्ली पुढच्याला. डाउनलोड व्हायच्या आधी जो धूसर फोटो दिसतो ना तो मेसेजसोबतच आलेला अगदी छोटा नमुना असतो. झिज होते ती कुणीतरी स्क्रीनशॉट काढून क्रॉप करून पाठवतो तेव्हा, किंवा एका अ‍ॅपमधून सेव्ह करून दुसऱ्या अ‍ॅपमध्ये टाकतो तेव्हा. मावशीच्या फोटोवर वरच्या कोपऱ्यात बॅटरीचं अर्धं चिन्ह दिसत होतं त्यावरून काय ते समजा.

आवाजाचं प्रकरण मला जास्त आवडतं. व्हॉइस नोट एक मिनिटाची, सेकंदाला 16 किलोबिट धरली तर फक्त 120 केबी, तरीसुद्धा मावशी रागावलीये की नुसतंच सांगतेय ते पहिल्या 'अगं'मध्ये कळतं. बऱ्याच अ‍ॅपमध्ये यासाठी ओपस नावाचा कोडेक (आवाज दाबून लहान करायची आणि परत उलगडायची पद्धत) असतो, 2012 मध्ये प्रमाणित झालेला, सेकंदाला 6 किलोबिटपासून 510 किलोबिटपर्यंत कुठेही चालतो. कमी जागेत तो भागवतो कारण बोलण्यासाठी त्याच्याकडे खास वेगळी सोय आहे, माणसाचा घसा आणि तोंड आवाज कसा घडवतात त्याचा ढाचा त्याला आधीपासून ठाऊक असतो, मग प्रत्येक लहर न पाठवता त्या ढाच्यात काय बदललं तेवढंच पाठवायचं.

आणि कॉलवर तुटक येणारा माणूस व्हॉइस नोटमध्ये स्वच्छ का येतो? नेट तेच, फोन तोच. व्हॉइस नोट म्हणजे फाइल, तिचा एखादा तुकडा हरवला तर परत मागवता येतो, दहा सेकंद उशीर झाला तर झाला. कॉलमध्ये आवाज साधारण 20 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातो आणि हरवलेला तुकडा परत मागवेपर्यंत वाक्य पुढे गेलेलं असतं, म्हणून मागत बसत नाहीत, आधीच्या तुकड्यावरून अंदाजाने भोक बुजवतात. तो रोबोटसारखा खरखरीत आवाज येतो ना, तो आपला माणूस नसतो, तो अंदाज असतो.

कात्री इथे पण आहे. मावशी व्हिडिओ कॉलवर गाणं शिकते. एक दिवस बाईंनी विचारलं, तानपुरा का बंद केलात? हिच्या शेजारी तानपुरा व्यवस्थित चालू! कॉलमध्ये नॉइज सप्रेशन असतं, ते पंखा एसी असले एकसारखे चालणारे आवाज ओळखून काढून टाकतं, आणि तानपुरा तरी दुसरं काय करतो, एकसारखाच चालतो. सॉफ्टवेअरच्या लेखी तानपुरा म्हणजे सुरेल पंखा. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद केलं तेव्हा बाईंना षड्ज ऐकू आला, सोबत खरा पंखाही.

असो, फोटो. मूळ फोटो मोठ्या मामेभावाकडे, दादाकडे कपाटात आहे असा शोध लागला. दादा पक्का मेलवाला. मेलवर खरं तर फाइल जशीच्या तशी जाते, कुणी कापत नाही. 11 मार्च 1992 ला नॅथॅनिएल बोरेनस्टीन यांनी आपल्या गाणाऱ्या चौकडीचा फोटो आणि गाणं मेलला जोडून पाठवलं, नेड फ्रीड यांच्यासोबत त्यांनीच ती पद्धत घडवली होती, तीच आजही चालू आहे. तिची खोड उलटी, मेल फाइल फुगवतो. मेलचा रस्ता मूळचा फक्त मजकुरासाठी बांधलेला, म्हणून फोटोच्या दर तीन बाइटची चार अक्षरं करून पाठवतात. दादाने स्कॅन केलं 22 एमबीचं, मर्यादा 25 ची, मेल परत. दादा वैतागला, 22 म्हणजे 25 पेक्षा कमीच ना! अरे दादा, वाटेत तो 29 होतो.

शेवटी त्याला म्हटलं अ‍ॅपमध्येच पाठव पण फोटोच्या बटणाने नको, डॉक्युमेंट म्हणून जोड. तसं केलं की अ‍ॅप त्याला हात लावत नाही. (फोनने काढलेला फोटो असा पाठवताना जरा जपून, लोकेशन चालू असेल तर कुठे काढला तेही फाइलमध्ये तसंच जातं.) आला. झूम केलं तर पुठ्ठ्याचे रेशे दिसले, आणि नावं सगळी लख्ख, फक्त मागच्या रांगेतल्या तिसऱ्याचं नाव कुणीतरी शाईने खोडलेलं.

मी ती फाइल मावशीला पाठवली. तिने उघडली, खोडलेल्या नावाभोवती लाल गोल काढला, स्क्रीनशॉट घेतला आणि ग्रुपवर टाकला, 'हा कोण ओळखा'. आता गोल तेवढा स्पष्ट दिसतोय.