पोलरॉइड, वाईची थंडी आणि आत्या

पोलरॉइडचा एसएक्स-७० हा १९७२ सालचा कॅमेरा. मिटला की कोटाच्या खिशात मावतो, उघडला की चक्क एसएलआर, म्हणजे ज्या भिंगातून फोटो निघतो त्यातूनच बघता येणारा. माझा सेकंडहँड आहे, दुरुस्त करून घेतलेला. फिल्म मात्र नवीच लागते. २००८ मध्ये कंपनीने ही इन्स्टंट फिल्म, म्हणजे कॅमेऱ्यातून थेट फोटो बाहेर येणारी, बनवणं थांबवलं, तेव्हा नेदरलँड्समधल्या एनस्खेडेचा कारखाना काही वेड्या माणसांनी वाचवला आणि रसायनं नव्याने जुळवली, म्हणून हे जुने कॅमेरे अजून चालतात. पाकिटात फोटो आठच. माझी पाकिटं मामेभाऊ जर्मनीहून येताना आणतो. किंमत आठवली की बटणावरचं बोट आपोआप अडखळतं.

डिसेंबरात वाईला आत्याकडे गेले ती डोंगर टिपायला. या फिल्मला साधारण १३ ते २८ अंश तापमान मानवतं. त्याहून गारठा असला तर फोटो फिका आणि हिरवट-निळसर येतो, उकाडा असला तर पिवळा-नारिंगी. वाईच्या हिवाळ्यात ही दोन्ही टोकं एकाच दिवसात भेटतात. सकाळी धोमच्या पाण्याकाठी फोटो बाहेर पडला रे पडला की हाताच्या आडोशाने उजेडापासून वाचवायचा आणि पालथा करून थेट स्वेटरच्या आत. दुपारी मेणवलीच्या घाटावर नेमकं उलटं: गार पाण्याच्या बाटलीशेजारी, पिशवीत. रंग पूर्ण उमटायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. फोटो झटकायचा नाही, झटकून तो लवकर येत नाही. आणि प्रत्येक पाकिटाआधी फोटो बाहेर ढकलणारे रोलर ओल्या फडक्याने पुसायचे, नाहीतर सगळ्या फोटोंवर एकाच जागी ठिपके.

डोंगरांनी मात्र दमवलं. ऊन-सावलीचा फार फरक या फिल्मला झेपत नाही. भिंगाशेजारचा उजेड मोजणारा इलेक्ट्रिक आय चौकटीतल्या उजेडाची सरासरी काढतो, त्यामुळे आभाळ जास्त आलं की खालचा डोंगर काळाठिक्कर. फोटो उजळ-गडद करायची चकती पांढऱ्या बाजूला फिरवावी तर डोंगर उजळतो, पण आभाळ धुतल्यासारखं कोरं. शेवटी सूर्य पाठीशी घेतला, आभाळाची वर जेमतेम पट्टी ठेवली, तेव्हा कुठे दोन्ही सावरलं. तरीही जेमतेम आठ सेंटिमीटरच्या चौकोनात पांडवगडाचं टेकाडच होतं. सह्याद्री मोबाइलनेच काढावा, हे माझं स्पष्ट मत.

मेणवलीच्या घाटावरच्या त्या मोठ्या पोर्तुगीज घंटेने वेगळी दिशा दाखवली. जवळ जाऊन काढलेला तिचा फोटो त्या दिवसातला सगळ्यात भरीव आला. हा कॅमेरा सुमारे २६ सेंटिमीटरपर्यंत जवळचं फोकस करतो, त्याची खरी ताकद तिथेच. मग उरलेली फिल्म आत्यासाठी ठेवली.

तिला अंगणात उन्हात न बसवता ओसरीवर बसवलं, चेहरा अंगणाकडे, म्हणजे उजेड मऊ. पण भिंग एफ/८ पेक्षा मोठं उघडत नाही, म्हणजे उजेड कमीच आत येतो, आणि फिल्म १६० आयएसओची, म्हणजे उजेड टिपायला जरा मंद, त्यामुळे सावलीत शटर रेंगाळतं आणि जरा हललं की फोटो धूसर. तिला खांबाला टेकवलं, मी कोपर गुडघ्यावर रोवलं. फोकससाठी व्ह्यूफाइंडरमधल्या वर्तुळात दुभंगलेली रेघ जुळवावी लागते. तिच्या चष्म्याची काडी त्याला अगदी सोयीची.

"आगं, किती येळ? हसू का नको?"

"हसू नको, बोलू नको, श्वास धर."

"मंग डॉक्टरकडंच गेले असते की!"

तेवढ्यात दाबलं. तोंड किंचित हललंय, डोळे मात्र लख्ख आहेत. निगेटिव्ह नसते, दुसरी प्रत नाही, आणि फोटो तिने लगेच ट्रंकेत टाकला. मी आधी मोबाइलवर टिपून घेतला म्हणून बरं. मे महिन्यात पुन्हा जाणार आहे, तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट पाकीट नेईन. त्या उकाड्यात रंगांशी झुंजण्यात अर्थ नाही.